चार मिलिमीटरचा फरक: मालवणचं पाणी आणि बाहेरून लावायचं भिंग

२०११ साली कॅननने 'एस९५' हा खिशात मावणारा कॅमेरा मागे टाकून 'एस१००' आणला. कागदावर सगळंच सुधारलं होतं. सेन्सर नवा, झूम जास्त, आणि लेन्स २८ मिमीऐवजी २४ मिमीपासून सुरू. म्हणजे एका फ्रेममध्ये आधीपेक्षा जास्त जागा मावणार. लग्नात, ट्रेकला, गडावर फोटो काढणाऱ्यांना याहून काय हवं? पाण्याखाली फोटो काढणाऱ्या मंडळींनी मात्र कपाळावर हात मारून घेतला. जुन्या कॅमेऱ्यासाठी पदरमोड करून घेतलेलं वाइड अँगल भिंग नव्या कॅमेऱ्याच्या हाउसिंगवर लावलं, की फोटोचे चारही कोपरे काळे यायचे. बोगद्याच्या आतून बाहेर बघावं तसे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'ब्रेकिंग चेंज' म्हणतो. एका टोकाला कुणीतरी चांगल्या हेतूने काहीतरी सुधारतो आणि दुसऱ्या टोकाला, त्याला माहीतही नसलेल्या माणसाचं चालू काम बंद पडतं. चार मिलिमीटरनी असं का व्हावं, हे शोधता शोधता मी पार १८५६ पर्यंत मागे गेलो.

माझा या विषयाशी संबंध मालवणमुळे आला. आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून मालवण रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे पाणी म्हणजे जायकवाडीचं, आणि तेही नळाला कधी येईल याची खात्री नसलेलं. त्यामुळे समुद्राच्या आतलं पाणी म्हणजे डॉक्युमेंटरीतलं, निळं, काचेसारखं, अशीच कल्पना होती. मालवणचं पाणी तसं नसतं. कर्ली नदी तारकर्ली-देवबागच्या टोकाला समुद्रात उतरते, गड नदी आणि बाकीच्या खाड्या आहेतच. त्या गाळ आणतात, आणि समुद्रात सूक्ष्म जीवांचं पीकही भरपूर असतं. म्हणूनच तर तिथे मासे इतके. पावसाळ्यात डायव्हिंग बंद. ऑक्टोबरनंतर पाणी निवळायला लागतं, पण निवळलेलं म्हणजे किती? चांगल्या दिवशी आठ-दहा मीटरपर्यंत दिसतं, बऱ्याच दिवशी तीन-चार मीटरच. होडीवरच्या दादांनी पाण्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "आज पाणी गढूळ असा. जवळ जावचा लागतला."

पाण्याखालच्या फोटोग्राफीचा दीडशे वर्षांचा इतिहास या एका वाक्यात बसतो. जवळ जायचं. आणि जवळ जाऊनही समोरचं अख्खं दृश्य फ्रेममध्ये मावलं पाहिजे.

*

आधी पाणी नेमकं काय करतं ते बघू. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला वाटीतल्या नाण्याचा प्रयोग आठवा. वाटीत पाणी ओतलं की न दिसणारं नाणं वर उचलल्यासारखं दिसायला लागतं. आमच्याकडे पाणचक्कीच्या हौदाजवळ उभं राहिलात तर आतला मासा असतो त्यापेक्षा वर भासतो, तेही तेच. हवेच्या मानाने पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३, समुद्राच्या पाण्याचा किंचित जास्त. कॅमेरा हवाबंद डब्यात घालून, समोर सपाट काच लावून पाण्यात नेला, की काचेतून आत शिरणारा प्रत्येक तिरका किरण आणखी तिरका होतो. परिणाम दुहेरी. सगळं एक-तृतीयांशाने मोठं आणि एक-चतुर्थांशाने जवळ भासतं, आणि कॅमेऱ्याला दिसणारा कोन आक्रसतो. २८ मिमीच्या लेन्सला हवेत कर्णरेषेवर साधारण ७५ अंश दिसतात. सपाट काचेमागे, पाण्यात, तेच ५४ अंश उरतात. म्हणजे तुम्ही २८ मिमीचा कॅमेरा विकत घेतला आणि पाण्याने त्याचा ३७ मिमीचा केला.

आता हे मालवणात ठेवून बघा. समोर एक मीटर रुंदीचा प्रवाळाचा तुकडा आहे. तो पूर्ण फ्रेममध्ये घ्यायला सपाट काचेमागच्या २८ मिमी लेन्सला जवळपास १.२ मीटर मागे थांबावं लागतं. पाण्यात १०० अंश बघणारं भिंग लावलं तर अर्ध्या मीटरवर थांबून तोच तुकडा तेवढाच दिसतो. फरक सत्तर सेंटिमीटरचा. हवेत सत्तर सेंटिमीटरला काही किंमत नाही. पण चार मीटर दृश्यता असलेल्या पाण्यात कॉन्ट्रास्ट किती उरतो याचा एक ढोबळ हिशेब डायव्हिंगमध्ये वापरतात, तो लावून बघितला. १.२ मीटरवर मूळ कॉन्ट्रास्टचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो, अर्ध्या मीटरवर निम्म्याहून जास्त. घसरण घातांकी आहे, म्हणून ती इतकी निर्दय वाटते. वर फ्लॅश वापरत असाल तर प्रकाशाला जाऊन-येऊन दोनदा तेच पाणी ओलांडावं लागतं. वाटेतला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं.

थोडक्यात, मालदीवच्या स्वच्छ पाण्यात वाइड अँगल भिंग ही हौस आहे. मालवणला ती गरज आहे.

(या निळ्या-हिरव्या पाण्याच्या रंगाचं कोडं सुटण्याशीही मुंबईचा संबंध आहे. १९२१ साली सी. व्ही. रामन 'नरकुंडा' बोटीने इंग्लंडहून परतत होते. हातातल्या निकोल प्रिझमने त्यांनी पृष्ठभागावरचं आकाशाचं प्रतिबिंब छाटून टाकलं आणि खाली समुद्राचा स्वतःचा निळा रंग उरतोच हे पाहिलं. 'नेचर'ला पाठवलेल्या त्या टिपणाखाली पत्ता होता मुंबई बंदराचा. रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा आहे हे त्यांनी मांडलं. लाल रंग पाणी आधी गिळतं, ही त्याची जोडीदार गोष्ट. जवळ जायचं आणखी एक कारण.)

*

पाण्यात कॅमेरा उतरवणारा पहिला माणूस शास्त्रज्ञ नव्हता, वकील होता. विल्यम थॉम्पसन, इंग्लंडच्या वेमथ गावचा. फेब्रुवारी १८५६ मध्ये त्याने एका पेटीत कॅमेरा ठेवला, समोर काच बसवली आणि होडीतून ती पेटी दोरीने साडेपाच मीटर खाली सोडली. दोरी ओढून झडप उघडली आणि दहा मिनिटं वाट पाहिली. पेटीत पाणी शिरलं. तरी काचेवर काहीतरी उमटलं: दगड आणि समुद्री वनस्पती, अंधुक. तो स्वतः पाण्यात उतरलाच नाही. कॅमेरा कशाकडे बघतोय हेही त्याला वरून कळत नव्हतं.

उतरला तो लुई बूतां, फ्रान्सचा जीवशास्त्रज्ञ. १८९३ मध्ये बान्यूल-सुर-मेरच्या सागरी प्रयोगशाळेत, जड डायव्हिंग सूट घालून. कॅमेऱ्याचा पाणबंद डबा त्याच्या भावाने बनवला. फ्लॅश म्हणजे ऑक्सिजन भरलेल्या पिंपावर पेटता दिवा आणि त्यात फुंकरीने उडवलेली मॅग्नेशियमची पूड. हे वाचताना मला त्या पिंपाशेजारी उभं राहणाऱ्या मदतनिसाची काळजी वाटली. बूतांच्या काही फोटोंना अर्धा अर्धा तास लागला. १९०० साली त्याने या विषयावर पुस्तक लिहिलं. पण त्याच्याही कॅमेऱ्यापुढे सपाट काच होती, म्हणजे कोन आक्रसलेलाच.

भिंगाच्या बाजूने पहिला खरा विचार केला तो अमेरिकेच्या रॉबर्ट वुडने, १९०६ साली. त्याला फोटो चांगले यावेत यात फार रस नव्हता. त्याला माशाला जग कसं दिसतं हे बघायचं होतं. पाण्यात राहून वर बघितलं की पाण्याबाहेरचं सगळं जग, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत दाबून बसवलेलं दिसतं. वुडने चक्क कॅमेऱ्यात पाणी भरलं, बारीक छिद्रातून प्रकाश आत घेतला आणि ते दृश्य फोटोत पकडलं. 'फिश-आय' हा शब्द त्याचाच. गंमत अशी की त्या कल्पनेतून पुढे बनलेली पहिली फिश-आय लेन्स १९२०च्या दशकात ढगांचे फोटो घ्यायला वापरली गेली. माशाचा डोळा आधी आकाशात गेला आणि पाण्यात परत यायला त्याला अनेक दशकं लागली.

वुडच्या निबंधाकडे माझं लक्ष गेलं ते आणखी एका कारणाने. पाणी हा अडथळा मानून ते दूर ठेवण्याची धडपड सगळे करत होते. वुडने पाण्यालाच भिंगाचा भाग केलं. वेट लेन्सचं बीज इथे आहे.

१९५०च्या दशकात फ्रान्समध्ये अलेक्सांद्र इव्हानोफ यांनी सपाट काचेच्या जागी दोन भिंगांची जोडी बसवली: बाहेरचं पसरवणारं, आतलं गोळा करणारं. पाण्याने जेवढा कोन चोरला तेवढा ही जोडी परत देते. २८ मिमी पुन्हा २८ मिमी होते, कडांना येणारी रंगांची झालरही जाते. पण कोन जेवढा होता तेवढाच मिळतो, वाढत नाही.

त्याच सुमाराला कुस्टोच्या गोटात जां द वूटर्स या बेल्जियन अभियंत्याने 'कॅलिप्सो' कॅमेरा बनवला. डबा वेगळा आणि कॅमेरा वेगळा ही भानगडच नाही, कॅमेराच पाणबंद. १९६३ मध्ये निकॉनने तो 'निकोनॉस' या नावाने आणला. मग त्यासाठी खास पाण्यातल्या लेन्स आल्या. १९७२च्या १५ मिमी लेन्सचा पुढचा काचेचा घुमट थेट पाण्याला टेकतो आणि हिशेबच पाणी धरून केलेला आहे, त्यामुळे ती हवेत कामाची नाही. पाण्यात मात्र ती ९४ अंश बघते. या लेन्सने पाण्याखालच्या फोटोंचा चेहरा बदलला. डायव्हर, त्याच्यामागे बुडालेलं जहाज, वर सूर्य, सगळं एका फ्रेममध्ये आणि तरीही स्पष्ट.

दोन गोष्टी तिच्या आड येत होत्या. किंमत ही एक. दुसरी म्हणजे, लेन्स बदलायची तर पाण्याबाहेर यायचं. सकाळी १५ मिमी लावून उतरलात आणि समोर नखाएवढा समुद्री गोगलगायीचा जीव आला, तर त्याला नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. त्याच्यासाठी वेगळी लेन्स, वेगळी डाइव्ह.

*

इथे वेट लेन्स येते. गोंधळ नको म्हणून इथून पुढे कॅमेऱ्याच्या आतली ती 'लेन्स' आणि हाउसिंगवर बाहेरून लावायचं ते 'भिंग' असं म्हणतो.

कल्पना साधी आहे. कॅमेरा हवाबंद हाउसिंगमध्ये, त्याची काच सपाट. त्या काचेवर बाहेरून, पाण्यातच, भिंग लावायचं. पुढचा भाग घुमटासारखा किंवा बाक असलेला, मागचा सपाट. काच आणि भिंग यांच्या मध्ये पाणी राहतं, राहायलाच हवं, कारण हिशेब ते पाणी धरून केलेला असतो. गोगलगाय दिसली की वाइडचं भिंग काढायचं, मॅक्रोचं लावायचं. एकाच डाइव्हमध्ये दोन्ही. जपानच्या 'सी अँड सी'ने मोटरमरीन या फिल्म कॅमेऱ्यांसाठी पाण्यात बदलता येणारी वाइड भिंगं आधीच आणली होती. पण या कल्पनेचे खरे दिवस आले ते २००० नंतर, डिजिटल कॉम्पॅक्ट आल्यावर. जपानच्याच 'इनॉन'ने अशा भिंगांची मालिका काढली. ६७ मिमीचे आटे हे जणू सगळ्यांचं समान दार ठरलं. कॅमेरा एका कंपनीचा, हाउसिंग दुसऱ्याचं, भिंग तिसऱ्याचं, आणि मध्ये आट्याची एक कडी.

आटे जुळले म्हणजे भिंग जुळलं, असं मात्र नाही. बहुतेकांची फसगत इथे होते. यूएसबीची पिन बसली म्हणून चार्जर फास्ट चार्जिंग करेलच असं नसतं, तसंच.

भिंग बनवणारा कॅमेऱ्याच्या आत कुठेतरी एक खिडकी गृहीत धरतो. प्रकाश जिथून आत शिरतोय असं समोरून बघणाऱ्याला वाटतं, ती जागा. लेन्सच्या अभ्यासात तिला प्रवेश-द्वारक म्हणतात. ही खिडकी भिंगाच्या जितकी जवळ, तितका भिंगाचा पूर्ण कोन वापरता येतो. ती मागे सरकली की भिंगाच्या कडा वाटेत येतात आणि कोपरे काळे होतात. घराच्या खिडकीला नाक लावून बघितलं तर सगळी गल्ली दिसते, चार पावलं मागे सरकलात की चौकटच दिसायला लागते.

आता एस९५ आणि एस१००चं बघा. कॉम्पॅक्टची लेन्स चालू केल्यावर बाहेर येते, झूम केलं की आणखी पुढेमागे होते. हाउसिंगची काच लेन्सच्या जास्तीत जास्त बाहेर येण्याला पुरेल इतकी पुढे ठेवावी लागते, नाहीतर झूम करताना लेन्स काचेवर आपटेल. म्हणजे वाइडला असताना लेन्स काचेपासून मागे, पोकळीत. २८ मिमीची लेन्स तरी ७५ अंशच बघते, तिची नजर भिंगाच्या आत राहते. २४ मिमीची ८४ अंश बघायला जाते, आणि तिला भिंगाच्या पलीकडची चौकट दिसते. चार मिलिमीटर म्हणजे नऊ अंश. तेवढ्यात कोपरे गेले.

उपाय लगेच निघाला: थोडं झूम करून २८वर या. भिंगच २८साठी बनलंय, तर त्याला २८ द्या. एस१००च्या पुढच्या कडीने २४, २८, ३५ असं टप्प्याटप्प्याने जाता येत होतं, ही मोठीच सोय. पण पाण्याखाली कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला की तो निमूट २४वर जाऊन बसतो. मासा समोर, आणि तुम्ही हातमोज्यातल्या बोटाने कडी फिरवताय.

पुढच्या काही वर्षांत हा खेळ पुन्हा पुन्हा झाला. सोनीचा पहिला आरएक्स१०० २०१२ साली आला, २८ ते १०० मिमी. वेट लेन्सवाल्यांचा लाडका. २०१४ला तिसरी आवृत्ती आली ती २४ ते ७०. तिथे झूम कमी असल्याने पोकळी लहान, २८वर आणलं की काम भागायचं. २०१८च्या सहाव्या आवृत्तीत झूम थेट २०० मिमीपर्यंत गेला. प्रवासी लोक खूश. हाउसिंगवाल्यांना मात्र लांबलचक नळी बनवावी लागली आणि वाइडला लेन्स त्या नळीच्या तळाशी जाऊन बसली. जमिनीवरची प्रत्येक सुधारणा पाण्याखाली काहीतरी हिरावून नेत होती. कॅमेरा निवडताना नव्या आवृत्तीच्या मागे न लागता जुनी शोधणारे लोक मी इथेच पाहिले.

ऑलिंपसची टीजी मालिका वेगळ्या कारणाने टिकली. तिच्यात लेन्स बाहेर येतच नाही. प्रकाश आत शिरून काटकोनात वळतो आणि झूम पोटातल्या पोटात होतो. त्यामुळे पोकळीचा प्रश्न जवळपास नाही. लेन्स २५ मिमीपासून सुरू होते, तेवढं थोडं झूम करावं लागतं. चित्राची प्रत आरएक्सच्या खाली, यात वाद नाही. पण मालवणच्या पाण्यात मी तरी टीजी आणि बरं भिंग घेईन, उघडा आरएक्स घेणार नाही. चार मीटर दृश्यतेत सेन्सरची श्रीमंती पोचेपर्यंत पाण्याने खाल्लेली असते.

२०१५ मध्ये हाँगकाँगच्या 'नॉटिकॅम'ने डब्ल्यूडब्ल्यूएल-१ आणलं. २८ मिमीसाठी बनवलेलं आणि पाण्यात १३० अंश बघणारं. वजन किलोच्या वर, काचेचा गोळाच. किंमत हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे आत बसवायच्या कॉम्पॅक्टपेक्षा महाग. पण तोपर्यंत वेट लेन्स म्हणजे 'परवडत नाही त्याची सोय' असं समजणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या लोकांनीही ते उचललं. याचं कारण काचेच्या घुमटाच्या दुसऱ्या एका खोडीत आहे. नुसता घुमट लावला तर कोन वाचतो, पण दृश्याची आभासी प्रतिमा घुमटाच्या अगदी जवळ तयार होते आणि लेन्सला तिथे फोकस करावं लागतं. गोप्रोच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत हीच गंमत झाली होती. हाउसिंगला गोल घुमट, लेन्सचा फोकस पक्का. हवेत उत्तम, पाण्यात सगळं धूसर. लोक बाहेरून सपाट काच लावून वापरायचे, मग कंपनीनेच सपाट काचेचं डायव्हिंग हाउसिंग काढलं. चांगलं वेट भिंग आभासी प्रतिमेचा हिशेब आधीच करून ठेवतं.

वापरणाऱ्याला एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती सांगतो. पाण्यात शिरल्यावर भिंग एकदा सैल करून, हलवून पुन्हा लावायचं. काच आणि भिंगाच्या मध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. तो राहिला तर फोटोच्या मधोमध एक चंद्र उगवतो.

*

हे सगळं हौशी मंडळींच्या खेळण्यांपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं.

१९७९ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी 'महासागर' या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, मालवणसह अनेक ठिकाणी, जिवंत प्रवाळ आहेत, असं त्यात होतं. १९७९ हे साल पुन्हा वाचा. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ला सुरू झालं. त्याच्या तटाला लागून असलेल्या पाण्यात जिवंत पोवळी आहेत हे विज्ञानाच्या कागदावर यायला तीनशेहून जास्त वर्षं लागली. मच्छीमारांना खालचे खडक ठाऊक होते, जाळी अडकायची. त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. त्याला मच्छीमारांचा विरोध झाला आणि तो वर्षानुवर्षं राहिला. पाण्याखाली नेमकं काय आहे, किती आहे, कुठे आहे, यावर दोन्ही बाजू बोलत होत्या, आणि बहुतेकांनी ते पाहिलेलं नव्हतं.

आमच्या जिल्ह्यातली अजिंठा लेणी शेजारी ठेवून बघा. रॉबर्ट गिलने १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या. १८६६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. पण दरम्यान गिलने कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ला त्याच्या ७४ छायाचित्रांचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह प्रसिद्ध झालं. अंधार, अरुंद जागा, मागे सरकायला वाव नाही, ही त्याचीही अडचण होती. तरी आज अजिंठ्याच्या एखाद्या खांबाचं काय झालं हे विचारायचं असेल तर दीडशे वर्षांपूर्वीचा पुरावा समोर ठेवता येतो. मालवणच्या प्रवाळाबद्दल तोच प्रश्न विचारला तर ठेवायला काय आहे? गेल्या दशकात संशोधकांनी इथलं ब्लीचिंग नोंदवलं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या आत राहणारी शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पण पांढरं पडण्याआधी ते कसे होते, किती होते, हे दाखवणारी जुनी चित्रं कुठून आणायची?

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर अँग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्रे यांचं नाव लावणारा बुडालेला पठारी उंचवटा. तिथे उथळ भागही वीस मीटर खोल. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे शास्त्रज्ञांची मोहीम गेली. अशा मोहिमेत महागडे कॅमेरे असतात, असायलाच हवेत. पण मोहीम वर्षांतून, कधी दशकातून एकदा होते. ब्लीचिंग मोहिमेची वाट बघत नाही.

रोज पाण्यात कोण उतरतं? मालवण-तारकर्लीची मुलं. एमटीडीसीने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची संस्था काढली, डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्या सागरी जीवशास्त्रज्ञांनी तिथे स्थानिक तरुणांना शिकवलं. काहींचे वडील मासेमारी करत होते, मुलगा पर्यटकांना हात धरून खाली नेतो. हंगामात एकाच खडकापाशी तो शेकडो वेळा जातो. कुठलं प्रवाळ कुठे आहे, कुठल्या कपारीत गोबरा बसतो, हे त्याला पाठ असतं. त्याच्या हातात गोप्रोसारखा कॅमेरा असतो तो पर्यटकाचा व्हिडिओ काढायला: अंगठा वर, मागे चार मासे, खाली नाव आणि तारीख. त्या व्हिडिओंत मागे दिसणारा खडक हीच कदाचित या पाण्याची सगळ्यात नियमित नोंद आहे, आणि ती पर्यटकांच्या फोनमध्ये विखुरलेली आहे.

प्रवाळ मोजायची एक पद्धत साधी आहे. एक चौकट तळावर ठेवायची, वरून काटकोनात फोटो घ्यायचा, आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा. चौकट एक मीटरची असेल तर वर केलेला हिशेब जसाच्या तसा लागू होतो. सपाट काचेमागून घेतलेला फोटो धुक्यातला येतो आणि त्यात पांढरं पडलेलं प्रवाळ आणि गाळ साचलेलं प्रवाळ वेगळं ओळखता येत नाही. जुळणारं भिंग असेल तर अर्ध्या मीटरवरून येतं. भिंग कडेला सरळ रेषा वाकवतं हे खरं, पण ती वाकवणूक ठरावीक असते, सॉफ्टवेअरने सरळ करता येते. हे काम मी हसत हसत करीन. पाण्यात न पोचलेला कॉन्ट्रास्ट मात्र कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही, फक्त अंदाज भरतं. आणि मोजणीत अंदाज भरलेला फोटो नसलेल्या फोटोपेक्षा वाईट.

म्हणून मला कॉम्पॅक्ट आणि वेट लेन्सची जोडी महत्त्वाची वाटते. निकोनॉसच्या काळात अशी नोंद ठेवायला संस्था लागली असती. या जोडीने ते काम एका माणसाच्या आवाक्यात आणलं, स्वस्तात नाही, पण सेकंडहँड बुलेटच्या पैशांत.

आता मोबाईलने कॉम्पॅक्ट कॅमेरे गिळलेत. नवी मॉडेलं बोटांवर मोजण्याइतकी. टीजी-७ २०२३ला आला. जुने एस९५ आणि पहिले आरएक्स१०० लोक जपून वापरतात, हाउसिंगचं एक ओ-रिंग मिळेनासं झालं की अख्खा संच कपाटात. इकडे सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ नौदलाचं निवृत्त जहाज 'गुलदार' तळावर बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प हाती घेतलाय. ते पूर्ण झालं की जहाजाच्या पत्र्यावर पहिलं शेवाळ, पहिले शिंपले, मग कदाचित पहिलं प्रवाळ, असा क्रम सुरू होईल. कुणी पहिल्या दिवसापासून दर महिन्याला त्याच जागेचा फोटो घेतला, तर या किनाऱ्यावर निदान एका ठिकाणाचा इतिहास सुरुवातीपासून असेल.

तो बहुधा मोबाईलने घेतला जाईल. मोबाईलची मुख्य लेन्स २४-२६ मिमीच्या आसपासची, म्हणजे कोपऱ्यांचं तेच जुनं दुखणं, थोडं झूम करून २८वर यायचा तोच जुना उपाय. पण ती लेन्स इवलीशी, बाहेर न येणारी, काचेला जवळपास चिकटलेली. वेट भिंगाला याहून चांगला यजमान क्वचितच मिळाला असेल. डायव्हिंगसाठीच्या काही मोबाईल हाउसिंगना पुढे कडी बसवता येते. मी एकाची मापं काढून बघितली. आटे ६७ मिमीचेच आहेत.